सुमेधाचा आवाज

पोटावरच्या पट्ट्याचा हिरवा ठिपका पिवळा झाला, त्या वेळी सुमेधा बाळाला समुद्राची गोष्ट सांगत होती आणि ऋजुता नियमाप्रमाणे गप्प बसली होती.

संस्कारसत्र चालू असताना घरात शांतता पाळावी, असा गर्भसंस्काराच्या त्या कार्यक्रमाचा नियमच होता. सकाळी श्लोक, दुपारी गोष्टी, संध्याकाळी एखादा शांत राग. पट्ट्याच्या आतल्या बाजूने निघणारा आवाज थेट पोटात उतरे; बाहेर ऐकू येई ती भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखी नुसती गुणगुण. सुमेधा नावाची बाई कुठेही नव्हती. तो आवाज यंत्राने घडवलेला होता. पण तो घडवणाऱ्यांनी त्यात इतकी माया ओतली होती की पहिल्या दिवशी फोनवरच्या नमुन्यात ‘नमस्कार बाळा, मी सुमेधा’ हे शब्द ऐकल्यावर ऋजुतानेच तो पुन्हा लावला होता. कितीतरी दिवसांत तिच्याशी असे कोणी बोलले नव्हते.

तिने फोन उचलून पाहिला. पडद्यावर एकच ओळ होती: ‘श्रवणचाचणी. आईच्या आवाजाची ओळख आढळत नाही. कृपया डॉक्टरांना भेटावे.’

ती ओळ तिने पुन्हा वाचली आणि तिच्यातून एकच अर्थ निघाला. बाळाला ऐकू येत नाही.

तिने तन्मयला लिहिले. तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता आणि त्याचे जहाज या वेळी अटलांटिकच्या मध्यावर कुठेतरी होते. निरोप पोहोचायला कधी तास लागत, कधी दिवस. मग तिने भुसावळला सासूबाईंना लिहायला घेतले, अर्धे वाक्य लिहिले आणि पुसून टाकले. आपली आई असती तर तिला फोन केला असता. आई जाऊन आता दोन वर्षे झाली होती. पहिले बाळंतपण माहेरी, हे सगळे जण गृहीत धरतात. माहेर म्हणून आता जे उरले होते ते म्हणजे पुण्यातल्या एका खोलीत राहणारे, निवृत्तीनंतर कमालीचे अबोल झालेले वडील.

पोटात बाळ हलले. सुमेधाची गोष्ट चालूच होती.

*

डॉ. मंदाकिनी गावितांचे सोनोग्राफी केंद्र धुळ्यात होते. साक्रीच्या माळावरच्या सौरप्रकल्पाच्या वसाहतीतून तिथे यायला ऋजुताला प्रकल्पाची गाडी मिळाली. दारातच ती जुनी पाटी होती: ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.’ आत तीच अंधारी खोली, तोच उंच पलंग.

या खोलीत ती पूर्वी तीनदा आली होती. पहिल्यांदा आली तेव्हा पडद्यावर काळ्या डोहात तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी होते आणि त्या दाण्यात एक लुकलुक होती. ‘हे हृदय,’ असे डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात मानेमागची जाडी मोजली, तेव्हा बाळाने हात डोक्यावर घेतला होता. पाचव्या महिन्यात हृदयाचे चार कप्पे, मणक्याची माळ, टाळू, मूत्रपिंडे हे सगळे एकेक करून पाहिले होते. त्या तपासण्यांत गार जेली होती, डॉक्टरबाईंचा हात होता आणि त्यांची अखंड बडबड होती. त्यानंतर पट्टा आला आणि खोलीत यायचे कारणच राहिले नाही.

पट्ट्यामागचे विज्ञान नवे नव्हते. माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या उंच पट्टीचा ध्वनी शरीरात सोडायचा. हाड, मांस, पाणी यांच्या सीमांवरून त्याचे प्रतिध्वनी परततात. त्यांच्या परतीच्या वेळेवरून चित्र उभे करायचे. पूर्वी त्यासाठी डॉक्टरांच्या हातात धरायचे यंत्र लागे. आता ध्वनी उमटवणारे आणि टिपणारे सूक्ष्म स्फटिक एका लवचीक पडद्यात विणले गेले होते. केळीच्या सोपटासारखा मऊ असा तो पट्टा सहाव्या महिन्यापासून पोटावर बसे. दिवसातून ठरावीक वेळा काही क्षणांपुरता जागा होऊन तो चित्र काढी आणि कायद्याने जे दाखवायचे नाही तेवढा भाग स्वतःच धूसर करून टाकी. बाळाचे ठोके, हालचाल, श्वासाचा सराव हे सारे कुटुंबातल्या प्रत्येकाच्या फोनवर दिसे. पट्टा आल्यापासून ऋजुताला ‘कशी आहेस?’ असे फारसे कोणी विचारत नव्हते. सगळ्यांना आधीच सगळे दिसलेले असे.

“या, या. आडव्या व्हा,” डॉ. गावित म्हणाल्या. “तोंड का असं उतरलंय?”

“बाळाला ऐकू येत नाही ना?”

“कुणी सांगितलं?”

“मशीननं.”

“मशीन आगाऊ असतं. माणसानं थोडं थांबावं.” त्यांनी पट्ट्याला एक तार जोडली, पडदा तिच्याकडे वळवला आणि टेबलावरची पितळी घंटी पोटाजवळ नेऊन जोरात वाजवली.

पडद्यावरच्या त्या करड्या आकृतीचे दोन्ही हात फटकन उडाले. डोळे घट्ट मिटले. ठोक्यांची रेघ वर झेपावली.

“दचकलं की नाही? कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.”

ऋजुताने डोळ्यांवर हात ठेवला. डॉक्टरबाईंनी तिला रडू दिले, मग कागदी रुमाल पुढे केला.

“आता दुसरी चाचणी. तुम्ही बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. रात्री काय जेवलात?”

“खिचडी.”

“एवढंच? भूक लागली, डाळ संपली, वर पापड भाजला, सांगा ना काहीतरी.”

ऋजुताने घसा खाकरला. “रात्री खिचडी केली. मुगाची. जरा खारट झाली. आणि... दही होतं.” आपलाच आवाज तिला परका वाटला, कुणीतरी कपाटातून काढून झटकल्यासारखा. पडद्यावरची रेघ होती तशीच चालत राहिली. तुलनेसाठी डॉक्टरबाईंनी बाहेरच्या टेबलावरच्या मुलीला आत बोलावून दोन वाक्ये बोलायला लावली. रेघ तशीच.

“घरी कोणती संस्कारसत्रं लावता? सुमेधाची?” मुलगी बाहेर गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता फोनवरून ते सत्र सुरू केले.

‘नमस्कार बाळा, मी सुमेधा.’

बाळ अंगठा चोखत होते. ते चोखणे थांबले. ठोक्यांची रेघ हळूच खाली उतरली आणि तिथे टेकून राहिली. जणू घरात कोणीतरी आले आहे आणि दाराकडे लक्ष लागले आहे.

“ही ओळख,” डॉ. गावित म्हणाल्या. “दचकलं की ठोके चढतात. ओळखीचं माणूस बोललं की उतरतात. बाळ कान देऊन ऐकतं.”

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “सहाव्या महिन्यात कानाचा आतला शंख काम करू लागतो. बाहेरचे आवाज पाण्यातून आणि मांसातून जाताना विरतात. शब्द पोचत नाहीत, त्यांची चाल तेवढी पोचते. आईचं वेगळं असतं. तिचा आवाज छातीतून, मणक्यातून, हाडांतून थेट उतरतो. बाळाला तो टाळताच येत नाही. म्हणून शाळेत न जाता सगळी मुलं तो शिकून येतात.” त्यांनी फोनवरचे सत्र बंद केले. “अर्थात, आई बोलली तर.”

“मी बोलते ना.”

“कुणाशी?”

ऋजुताने विचार केला. तिचे काम घरूनच चाले. माळावर पसरलेल्या पॅनेलवरची धूळ झाडणारे यंत्रमानव ती पडद्यावरून हाकत असे. हुकूम टाइप करून जात. वरिष्ठांशी बोलणे लिहून. तन्मयशी लिहून, कारण जहाजावर तेच स्वस्त आणि खात्रीचे. सामान दाराशी येऊन पडे. इमारतीत अर्धी घरे रिकामी होती आणि उरलेल्यांत तिच्यासारखीच माणसे होती. सासूबाई आठवड्यातून एकदा फोन करत, तेव्हा बोलत त्याच.

“सत्र चालू असताना गप्प बसायचं असतं,” ती अखेर म्हणाली. “मध्ये बोललं तर संस्कार खंडित होतात, असं लिहिलंय.”

“आणि सत्रं दिवसभर.”

“हो. सासूबाईंनी सगळ्यात मोठं पॅकेज घेतलंय.”

डॉ. गावित हसल्या नाहीत. “तुम्ही पहिल्या नाही. अलीकडे मला हे पुन्हा पुन्हा दिसतंय. अशाच एकेकट्या घरांतून. साक्रीचं बाळ, नंदुरबारचं बाळ, सगळी एकाच बाईला ओळखतात.”

“मग पुढे काय होतं?”

“मला माहीत नाही. कुणालाच नाही, ही मुलं अजून जन्मायची आहेत. घाबरू नका, हा आजार नव्हे. मूल आईला वासानं ओळखतं, स्पर्शानं, दुधानं ओळखतं. आवाजही शिकेल. पण लोक बाळंतपणानंतर सुमेधा बंद करणार आहेत का? बाळ रडलं की तिलाच लावतील. मग ते सुमेधासाठी थांबायला शिकेल.” त्यांनी पट्ट्याची तार काढली. “अजून वेळ आहे. सत्रं बंद करा आणि मोठ्यानं बोला. गोड बोलायची काही गरज नाही. नेहमीचं बोला.”

नेहमीचं म्हणजे काय, हे विचारायचे ऋजुताच्या ओठांवर आले होते. पण बाहेर दुसरी बाई थांबली होती.

*

सत्रे बंद केल्याचे सासूबाईंना त्याच संध्याकाळी कळले. कार्यक्रम त्यांच्या नावावर होता. ‘आजचे सत्र चुकले’ असा निरोप आपोआप गेला. फोन लगेच आला.

“ऋजू, बरं नाही का गं?”

“बरी आहे, आई.” तिने डॉक्टरबाई म्हणाल्या ते सगळे सांगितले. सांगताना वाक्ये तुटत होती.

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे चूक माझीच.”

“तसं नाही म्हणत मी.”

“म्हणत नाहीस, पण तेच झालं ना? अगं, मला यायला नको होतं का? सून एकटी, माळावर. पण यांना कूस बदलायलासुद्धा माणूस लागतं. यांना टाकून कशी येऊ? म्हणून ते घेतलं. मला वाटलं, मी नाही तर निदान कुणीतरी बाळाजवळ बसून चार चांगल्या गोष्टी सांगेल.”

सासरे अर्धांगवायूने तीन वर्षे अंथरुणावर होते. मुख्याध्यापिका म्हणून आयुष्य काढलेली ही बाई आता एका खोलीत अडकली होती, हे ऋजुताला ठाऊक होते. ती हळूच म्हणाली, “मग तुम्हीच सांगा ना, आई. रोज फोन करा. मी फोन पोटाला लावते. तुमचा आवाज ओळखेल.”

“मी? माझा घसा शाळेनं खाल्ला. वर्गावर ओरडून ओरडून नुसता पत्रा झालाय. ते लेकरू घाबरेल.” त्या हसल्या, पण हसू टिकले नाही. “आणि काय सांगू? यांना आज किती चमचे पेज गेली ते?”

“तेच सांगा.”

“वेडी आहेस.” मग आवाज शाळेतला झाला. “हे बघ, शिकलेल्या लोकांनी अभ्यास करून बनवलंय ते. श्लोक शुद्ध आहेत, उच्चार स्वच्छ आहेत. आपण काय असं बोलणार आहोत? एका डॉक्टरच्या सांगण्यावरून बाळाचं नुकसान करू नकोस. उद्यापासून लाव.”

“नाही लावणार, आई.”

हे तिने इतक्या हळू म्हटले की ऐकू गेले की नाही, तिला कळेना. पण ऐकू गेले होते. “बरं,” सासूबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला. त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

*

डॉक्टरबाईंचे म्हणणे तिने तन्मयलाही कळवले होते. त्याचा निरोप या वेळी आला तो आवाजात. त्याने तोडगा काढला होता आणि त्यावर तो खूश होता.

‘ऋजू, ऐक. मी कंपनीला विचारलं. सुमेधाच्या जागी तुझाच आवाज बसवून देतात! आपल्या लग्नाच्या व्हिडिओतून आणि तू आधी पाठवलेल्या ऑडिओतून मी नमुने पाठवले पण. बाळ तुझाच आवाज ऐकेल, माझ्या आईचे श्लोकही चालू राहतील, तुला दिवसभर घसा फोडायला नको. सगळे खूश! सोबत नमुना जोडलाय. ऐकून सांग. मला तर ऐकताना काटाच आला अंगावर.’

तिने नमुना लावला.

‘माझ्या सोन्या,’ तिचा आवाज म्हणाला, ‘बघ, बाहेर किती सुंदर सकाळ झाली आहे. माळावर ऊन उतरलं आहे, आणि तुझी आई तुझी वाट पाहते आहे.’

तो तिचाच आवाज होता. तिची पट्टी, शब्दाच्या शेवटी किंचित खाली येण्याची तिची लकब. पण हा आवाज कुठे अडखळत नव्हता. त्याला काय बोलावे हा प्रश्न पडत नव्हता. खिचडी खारट झाल्याचे तो कधी सांगणार नव्हता. तिने नमुना पुन्हा लावला, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आले की आपण ऐकतो आहोत ते बाळासाठी नव्हे. आपल्यालाच कोणीतरी ‘सोन्या’ म्हणावे, म्हणून.

आणि मग तिला भीती वाटली. बाळ या बाईवर जीव लावेल. हिच्या पोटी जन्मलो असे समजून येईल आणि त्याला भेटेन मी. अडखळणारी, गप्प, उशिरा उत्तर देणारी. सुमेधा निदान परकी तरी होती.

बोटे सवयीने पडद्यावर गेली होती, पण तिने ती मागे घेतली. निरोप लिहिण्याऐवजी तिने आवाज नोंदवला.

“तन्मय, नको. ती... ती मी नाहीये. ती माझ्यापेक्षा बरी आहे, म्हणूनच नको. तू रागावू नकोस. आणि तूही जरा बोलून पाठवत जा. कंपनीचं, आईंचं नको, तुझं. इंजिनाचं सांग. जेवण कसंय ते सांग. मला... आम्हाला ऐकायचंय.”

दोन दिवसांनी उत्तर आले, लिहिलेलेच: ‘जशी तुझी इच्छा. पण आईला दुखावलंस. विचार कर.’

*

बोलणे ही गोष्ट इतकी अवघड असेल, असे तिला कधी वाटले नव्हते. पहिल्या सकाळी ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “नमस्कार बाळा,” आणि शरमेने कानापर्यंत लाल झाली. ते शब्दही सुमेधाचेच होते. मग तिने लहानपणची एखादी गोष्ट आठवून पाहिली; अर्ध्यावर शेवट विसरला. रिकाम्या घरात शब्द भिंतीला लागून परत येत आणि आपण एकटे आहोत हे तिला नव्याने ऐकू येई. गप्प असताना ते इतके जाणवत नसे.

वाट सापडली ती कामातून. धूळ झाडणाऱ्या यंत्रमानवांपैकी एकाला एक खोड होती. रांगेच्या टोकाला पोचला की तो वळायच्या ऐवजी तिथेच घुटमळे. ऋजुता त्याला रोज टाइप करून परत फिरवी. एका दुपारी तो चौथ्यांदा अडला आणि तिच्या तोंडून निघून गेले, “अरे गाढवा, वळ ना! रोज तेच? डोळे कुठे ठेवलेस?”

घर दणाणले. पोटात बाळ हलले. ऋजुता थबकली आणि मग तिला हसू आले. त्या दिवसापासून ती हुकूम टाइप करता करता मोठ्याने म्हणू लागली. यंत्रमानवांना शिव्या, वरिष्ठांच्या निरोपांना टोमणे, भाजीला मीठ कमी पडल्याची तक्रार. “हे बघ, साहेब म्हणतायत की वादळाची धूळ संध्याकाळपर्यंत साफ करा. स्वतः येऊन झाडू मारा म्हणावं.” हळूहळू स्वतःच्या आईविषयी बोलणे सुरू झाले. आई भाजीवाल्याशी कशी भांडायची, दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांतही नर्सला कशी स्वेटरची वीण शिकवत होती. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. सांगायला कुणी विचारले नव्हते.

इमारतीच्या गटावर खालच्या मजल्यावरून विचारणा झाली: ‘तुमच्याकडून दिवसभर बोलण्याचा आवाज येतो. मीटिंग असतात का?’ तिने लिहिले, ‘हो.’

पट्टा अजून होता आणि त्याची रेघही. सुरुवातीला ती बोलता बोलता एक डोळा रेघेवर ठेवी. रेघ उतरली का? जरा उतरल्यासारखी वाटे, पण बाळ झोपले असले तरी ती उतरते, हे तिला माहीत होते. एकदा तिच्या ध्यानात आले की आईची गोष्ट सांगताना आपण मध्येच थांबलो आहोत, आणि थांबलो ते रेघ न हलल्यामुळे. त्या क्षणी तिने फोन पालथा घातला.

नवव्या महिन्यात डॉ. गावितांनी वाढ पाहिली, पाणी पाहिले, डोके खाली आले आहे याची खात्री केली. मग पट्ट्याच्या तारेकडे हात नेत म्हणाल्या, “पुन्हा बघू या का? आता तुमचा आवाज ओळखतं का ते?”

“नको, मॅडम,” ऋजुता म्हणाली.

“का?”

“नाही ओळखलं तर मी गप्प बसेन. मला माझी सवय माहीत आहे.”

डॉक्टरबाईंनी हात मागे घेतला. “बसू नका,” एवढेच त्या म्हणाल्या.

*

मुलगी झाली. तन्मयचे जहाज एका बंदराबाहेर रांगेत थांबलेले होते. त्याचा लिहिलेला निरोप आला, भोवती बरीच फुले होती. भुसावळहून सासूबाईंनी व्हिडिओवर नात पाहिली, डोळे पुसले, ‘नाक यांच्यावर गेलंय,’ म्हणाल्या, आणि सासऱ्यांनी हाक मारली म्हणून उठून गेल्या. सत्रांचा विषय त्यांनी काढला नाही. वडील पुण्याहून निघाले होते. संध्याकाळपर्यंत पोचणार होते. पट्टा सिस्टरने सोडवून पिशवीत घातला. पोटावर त्याच्या कडांचा फिकट वळ राहिला.

रुग्णालय धुळ्यातले, मोठे. बाळंतिणींच्या कक्षात ओळीने खाटा, प्रत्येकीशेजारी पाळणा. दुपारी एक बाळ रडू लागले; त्याचे ऐकून दुसरे, मग तिसरे. पाहता पाहता सगळा कक्ष रडू लागला. ऋजुताची मुलगीही मुठी आवळून, लालबुंद होऊन रडत होती.

सिस्टर दारात आली आणि हसत म्हणाली, “थांबा हं, आता गंमत बघा.” तिने भिंतीवरचे बटण दाबले.

छतातून आवाज आला. ‘नमस्कार बाळा, मी सुमेधा.’

रडणे कापल्यासारखे थांबले. एकेक करून नव्हे, सगळ्यांचे एकदम. पाळण्यापाळण्यांतून बाळे निश्चल पडून राहिली, काहींचे डोळे उघडे, सगळी छताकडे कान देऊन. आलेल्या आज्या टाळ्या वाजवू लागल्या. कुणीतरी ‘जादूच की!’ म्हणाले.

त्या शांततेत एकच रडणे चालू राहिले. ऋजुताच्या मुलीचे. आता ते एकटेच होते, म्हणून फार मोठे वाटत होते. माना वळल्या. आज्यांच्या चेहऱ्यांवर कीव आली.

“हिला लावलं नव्हतं का काही?” सिस्टरने विचारले. “आवाज वाढवू?”

शेजारच्या खाटेवर शिरपूरची एक मुलगी होती, जेमतेम विशीची. तिचे बाळ तिच्या मांडीवर होते आणि तिच्याकडे न पाहता वर पाहत होते. ती ऋजुताकडे झुकून हळूच म्हणाली, “माझा तिच्या आवाजानं लगेच चूप होतो. मी किती बोलली तरी नाही होत.” मग पाळण्याकडे बोट दाखवून, “तुमची का नाही थांबली?”

“ही तिला आता ओळखत नाही,” ऋजुता म्हणाली.

तिने मुलीला उचलून छातीशी धरले आणि बोलायला सुरुवात केली. आवाज फाटत होता. कक्षातले सगळे ऐकत होते आणि ऐकत होते म्हणून शब्द अडत होते. “काय झालं गं? एवढं काय झालं? हो, आवाज आहे, खूप आवाज आहे इथे. आजोबा येतायत तुझे. बसमध्ये असतील. ते फार बोलत नाहीत हं, तू त्यांच्याशी भांडायचं, मी पण भांडणार आहे...”

मुलगी रडतच होती. कुठे रेघ नव्हती, ठिपका नव्हता. त्या लहानशा डोक्यात काय पोचते आहे, हे सांगणारे काहीही नव्हते.

“वाढवू का हो आवाज?” सिस्टरने पुन्हा विचारले.

“नको,” ऋजुता म्हणाली. “रडू दे तिला. आमचं बोलणं चाललंय.”